उरलेली गोष्ट पुढच्या खेपेला

सर्वांआधी तुला नमन, विस्तवाच्या देवी, आगटीतल्या आजी.

राखेचे पांघरूण ओढून तू निजतेस, राखेचे पांघरूण सारून तू उठतेस. डोंगराचा देव थोर आहे, समुद्राचा देव थोर आहे, घुबडाच्या रूपाने गाव राखणारा देव थोर आहे; पण त्यांच्या दारापर्यंत आमचे बोलणे पोचवणारी तूच. माणसाची जीभ अडखळते, म्हणून आम्ही प्रार्थनेची कोरीव काठी राळ्याच्या मद्यात बुडवतो आणि पहिला थेंब तुला देतो. काठी आमचे चुकले शब्द सावरते, आणि सावरलेले शब्द तू पदराखाली झाकून नेतेस, वाऱ्याने विझू नयेत म्हणून. आज एका बाईची हकीकत सांगायची आहे. तुझा थेंब तुला दिला. आता तिचे नाव घेण्याची आज्ञा असावी.

तिचे नाव सुएनो.

उत्तरेच्या बर्फाळ बेटावर, सारू नदीच्या काठी, पुलाच्या अलीकडचे शेवटचे घर तिचे. घरामागे एल्मची सात झाडे आहेत, आणि त्या सातांशी तिचे बोलणे माणसांशी असावे तसे आहे. उन्हाळा लागला, सालीत रस चढला, की ती झाडापाशी जाते. हात जोडते. म्हणते, "तुझं वस्त्र मागायला आलेय. सगळं नाही नेत." मग बुंध्याच्या एकाच अंगाची साल ती वरपर्यंत सोलून घेते, आणि सोललेल्या सालीचीच एक पट्टी झाडाच्या कमरेला घट्ट बांधते. उरलेली साल वाऱ्याने फाटू नये, झाडाला उघडे वाटू नये, म्हणून. साल भिजते, सुटते, चिरली जाते, वळली जाते. तिचा धागा होतो, धाग्याचे कापड होते. त्या कापडाच्या बाह्यांवर, गळ्याशी, घेराला ती काट्यांची नक्षी भरते, कारण वाईट शक्ती शिरायला बघते ती अशाच उघड्या वाटांनी. गावातल्या कितीतरी लेकरांच्या गळ्याशी सुएनोचे काटे पहारा देत बसले आहेत.

वय शहाऐंशी. कुणी विचारले तर म्हणते, "वर्षं मोजत बसले तर धागा कोण वळणार?"

नवरा लाकूडतोडीच्या कामावर होता, तो गेला. मुलगा पलीकडच्या शेतात टोमॅटो पिकवतो. त्याची मुलगी कानाए आजीजवळ राहते. शाळेत सरकारी भाषेऐवजी आपली भाषा बोलली म्हणून सुएनोच्या पिढीने बोलणी खाल्ली. तीच भाषा कानाए आता वहीत लिहून शिकते आणि दर शनिवारी गावाच्या गवती सभाघरात मुलांना शिकवते. शिकवणे झाले की मुले आगटीभोवती बसतात आणि सुएनो गोष्टी सांगते. बेडकीची सांगते, कोल्ह्याची सांगते, गर्विष्ठ सुतारपक्ष्याची सांगते. हातातल्या काठीने आगटीच्या लाकडी कडेवर ताल धरते, मुलेही काठ्यांनी ताल धरतात, मध्ये मध्ये हुंकार देतात.

सगळ्या गोष्टी सांगते. एक सोडून.

ती एक गोष्ट तिच्या आजोबांची. आजोबांचे नाव इसोनकूर, म्हणजे शिकार ज्याला लाभते तो. शिकार म्हणजे आमच्याकडे मारणे नव्हे, पाहुणचार. देव आपल्या घरी माणसाच्याच रूपात राहतो. आमच्याकडे यायचे झाले की अस्वलाची कातडी पांघरतो, आणि मांस व कातडे ही भेट म्हणून आणतो. भेट घ्यावी, पाहुण्याला मान द्यावा, आणि बाणाने त्याला त्या कातडीतून मोकळे करून त्याची पाठवणी करावी: मुटके द्यावेत, मद्य द्यावे, सोललेल्या लाकडाच्या शुभ्र झुलपांच्या काठ्या द्याव्यात. आणि पाठवणीच्या मेजवानीला एक मोठी गोष्ट सांगायला घ्यावी, ती ऐन रंगात आणावी, आणि तिथेच थांबावे. म्हणजे देवाच्या कानात उत्सुकता राहते. घरी जाऊन तो म्हणतो, त्या घरची माणसे चांगली, आणि माझी एक गोष्ट तिथे राहिली आहे. त्या राहिलेल्या गोष्टीसाठी तो पुन्हा येतो. देवाला बांधून ठेवणारा दोर आमच्याजवळ तेवढाच आहे, अर्ध्या गोष्टीचा.

सुएनो आठ वर्षांची असताना गुहेतून अस्वलाचे एक पिल्लू घरी आले. डोळे जेमतेम उघडलेले. तिचा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता; आईने एका बाजूला त्याला घेतले, एका बाजूला पिलाला. घरात त्याला सगळे देवबाळ म्हणत. देवबाळ सुएनोच्या पायांशी झोपे. मोठे झाले तेव्हा त्याला ओंडक्यांच्या पिंजऱ्यात ठेवले; तरी सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीने पेज भरवायची ती सुएनोनेच. पळी चाटून झाली की ते तिची बोटे चाटे, बोटे संपली की मनगट.

दुसऱ्या हिवाळ्यात पाठवणी ठरली. आदल्या दिवशी दुपारी सगळी मोठी माणसे कामात होती. नऊ वर्षांची सुएनो पिंजऱ्यापाशी बर्फात उकिडवी बसली. तिला एकच गोष्ट डाचत होती. पाहुण्याला अर्ध्या पोटी पाठवू नये, हे आईनेच शिकवले होते. मग अर्ध्या कानी कसे पाठवायचे? एवढा लांबचा रस्ता, एकटे पिल्लू, आणि कानात अडकलेली गोष्ट. उद्या आजोबा सहा नद्यांची गोष्ट घेणार, हे तिला ठाऊक होते; हिवाळ्याच्या रात्री घरात ती त्यांच्याकडून तिने कितीदा ऐकली होती. धुक्याने उचलून नेलेल्या बहिणीला शोधत एक तरुण सहा नद्या ओलांडतो. सहाव्या नदीच्या काठी एक घर, घरातून धूर. तो दाराची चटई वर करतो, आणि तिथे आजोबा थांबणार. तिने ओंडक्यांच्या फटीत तोंड घातले आणि पुढचे सांगून टाकले. "आत त्याची बहीणच आहे. ती रडते, तो रडतो. मग ती राळ्याचा भात वाढते, दोघं पोटभर खातात आणि आगटीजवळ झोपतात. संपली. आता तू काळजी करू नको. जा."

देवबाळाने तिचे मनगट चाटले.

दुसऱ्या दिवशी पाठवणी झाली; बाण सुटला, कातडी मागे राहिली आणि देव आपल्या घरी निघाला. मेजवानीत आजोबांनी तरुणाचा हात दाराच्या चटईपर्यंत नेला आणि काठी खाली ठेवली. म्हणाले, "उरलेली गोष्ट पुढच्या खेपेला." सगळे समाधानाने हसले. सुएनोला मात्र त्या क्षणी कळले, आपण काय केले ते. देवाचे इथे काही राहिलेच नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात देव आला नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही नाही. इसोनकूर आजोबा पूर्वेच्या खिडकीकडे, देवांच्या येण्याच्या खिडकीकडे, तोंड करून बसत आणि म्हणत, "येईल. त्याची गोष्ट राहिलीय आपल्याकडे." हे वाक्य सुएनो प्रत्येक वेळी ऐकायची, आणि उठून आगटीची राख सारायला लागायची. तिसऱ्या वसंतात आजोबा गेले. मग पाठवण्याच थांबल्या, भाषा थांबली, आगट्यांच्या जागी लोखंडी शेगड्या आल्या. गावाच्या डोळ्यांदेखत जे जे गेले, ते ते त्या मुलीने आपल्या खात्यावर घेतले. नऊ वर्षांच्या खांद्यावर घेतलेले ते ओझे शहाऐंशी वर्षांच्या खांद्यावरही तसेच होते, आणि त्याचा पत्ता फक्त तुला होता, आगटीतल्या आजी. राख सारताना ती रोज एवढेच पुटपुटायची, "माझ्यामुळं."

गेल्या पानगळीत, पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा दिवस जवळ आला होता. डॉक्टरांनी सुएनोला सांगितले होते की हृदय थकले आहे, चढ चढायचा नाही. कानाएने त्याच आठवड्यात विषय काढला. आजी धाग्याला गाठी मारत बसली होती.

"आजी, सहा नद्यांची गोष्ट तुला येते ना?"

"येते."

"मग सांगत का नाहीस?"

"दात दुखतो."

"तुझे दात रात्री कपाटात असतात. मी पाहिलेत."

"म्हणूनच दुखतात. एकटे पडतात ना कपाटात."

कानाए हसली, पण हलली नाही. हळूच म्हणाली, "तुझ्यानंतर ती कुणाला येणार, आजी?"

सुएनोच्या बोटांतली गाठ सुटली. तिने ती पुन्हा मारली. म्हणाली, "ती गोष्ट माझ्याकडून खराब झालीय. खराब झालेलं नैवेद्याला ठेवत नाहीत." आणि उठून एल्मच्या झाडांकडे गेली.

कानाएला काही उमगले नाही. पण तिने एक केले. शहरातल्या वृद्धाश्रमात आजीचा मावसभाऊ होता, मात्सुजी, नव्वद वर्षांचा. लहानपणी तो इसोनकूर आजोबांच्याच घरी वाढला होता, आणि सोळाव्या वर्षी कागदाच्या गिरणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. नैवेद्याला चार दिवस असताना कानाए त्याला गाडीत घालून घेऊन आली.

सुएनो सभाघरात आगटीची राख चाळत होती. दारातून काठी आली, मग टोपी, मग मात्सुजी.

"सुएनो, अजून आहेस होय?"

"तुला पोचवल्याशिवाय जाणार नाही, असं ठरवलंय, दादा."

"मग बराच वेळ आहे तुझ्याकडं. जेवायला काय?"

"साल्मनचा रस्सा. काटे काढून वाढू की दात आहेत?"

"दात माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. गेल्याच वर्षी घेतलेत." तो आगटीच्या डाव्या बाजूला, लहानपणी बसायचा त्याच जागी बसला. खिशातून चिलीम काढली आणि रिकामीच दातांत धरली. "तंबाखू बंद केलीय आश्रमवाल्यांनी. चिलीम ओढायला मनाई नाही म्हणाले." मग आढ्याकडे बघत म्हणाला, "मुलगी म्हणते, तू सहा नद्या सांगत नाहीस. मी तर तेवढ्यासाठीच आलो. रस्सा काय, आश्रमातही मिळतो."

कानाए पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. सुएनोने चिमटा खाली ठेवला, आणि सत्त्याहत्तर वर्षे जे कुणाला सांगितले नव्हते ते सांगितले. पिंजरा सांगितला, बर्फ सांगितले, ओंडक्यांची फट सांगितली. आवाज चढवून सांगावे लागले, कारण दादाला कमी ऐकू येत होते; जन्मभर ज्याची कुजबूजही केली नव्हती ते तिला ओरडून सांगावे लागले.

"...आणि शेवटसुद्धा सांगितला मी त्याला, दादा. सगळा. त्याला परत यायला काही ठेवलंच नाही."

मात्सुजीने चिलीम तोंडातून काढली. "कुठला शेवट?"

"बहीण भेटते. राळ्याचा भात खातात. आगटीजवळ झोपतात."

"आणि?"

"आणि काय? संपली."

नव्वद वर्षांचा तो म्हातारा आधी खांद्यांनी हसला, मग पोटाने, मग त्याला ठसका लागला आणि सुएनोला त्याची पाठ चोळावी लागली. "अगं वेडे," डोळे पुसत तो म्हणाला, "तो शेवट नव्हे. तिथं आजोबा चिलीम भरायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते दोघं झोपले की आजोबा काठी खाली ठेवायचे आणि चिलीम भरायला घ्यायचे. तेवढ्यात तू झोपायचीस. घरी सांगताना, दर हिवाळ्यात, दर खेपेला, त्याच जागी. डोकं माझ्या मांडीवर, तोंड उघडं, माझा गुडघा लाळेनं ओला. आजोबा विचारायचे, पुढं सांगू का? मी म्हणायचो, सुएनोची संपली, आमची चालू द्या. चिलमीनंतर आणखी तेवढीच गोष्ट उरलेली असायची. पूर्वेच्या खिडकीतून हाक येते, ते तर तू जन्मात ऐकलं नाहीस."

"खिडकीतून हाक येते?"

"बघ. ठाऊक नाही तुला."

विस्तवावर एक लाकूड सरकले, ठिणग्या उडाल्या, निवल्या. सुएनोने लहान मुलीच्या आवाजात विचारले, "म्हणजे देवबाळालाही ठाऊक नव्हतं?"

"तुलाच ठाऊक नव्हतं तर त्याला कुठून असणार? तू त्याला एक घास जास्त वाढलास, एवढंच. भूक वाढवून पाठवलंस त्याला."

"मग तो आला का नाही, दादा?"

मात्सुजी आता हसत नव्हता. "यायला त्याला डोंगर कुठं ठेवला होता? त्याच वर्षी वरचं सगळं रान तोडलं. पुरुष लढाईवर गेले. माझा बाप गेला, तुझा गेला. गुहेपाशी जाऊन त्याला घेऊन यायला गावात होतं कोण? आलाही असेल. दार वाजवून गेला असेल. पण ते तुझ्यामुळं नव्हतं, सुएनो. नऊ वर्षांच्या पोरीच्या एका भातानं देव रुसत नसतो."

तिने पदर नसलेल्या कपड्याची बाही डोळ्यांना लावली. तिच्याच हातची काट्यांची नक्षी होती त्या बाहीवर, वाईटाला अडवणारी. अश्रूंना मात्र तिने वाट दिली.

पाहा, केवढी ही लीला. प्रेमाने सगळेच देऊन टाकायला निघालेल्या लेकराच्या हातातूनही देवाने स्वतःसाठी थोडे राखून घेतले. डोळ्यांवर झोप घातली, आजोबांच्या हाती चिलीम दिली, आणि आपली परतीची वाट मोकळी ठेवली. आपण समजतो, आपल्या हातून धागा तुटला. तो धागा दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याखाली सुखरूप असतो.

पुढचे तीन दिवस दुपारी दोघे नदीकाठी बसले. सभाघरात नाही, कारण तिथे पूर्वेची खिडकी होती आणि या वेळी सुएनोला कसलाही धोका पत्करायचा नव्हता. मात्सुजी उरलेली गोष्ट सांगे. त्याच्या मते तो कुजबुजत असे.

"दादा, हळू. अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल."

"मला तरी ऐकू यायला नको का? आणि तू डोळे उघडे ठेव. झोपलीस तर परत नव्वद वर्षं नाहीत माझ्याकडं."

मधल्या काही ओळी तो विसरला होता. तेव्हा सुएनोने वाळूवरच्या ओंडक्यावर काठीने ताल धरला. ताल ऐकून त्याच्या तोंडी शब्द आले. शब्द त्याच्याजवळ होते, ताल तिच्याजवळ होता. दोघांत मिळून आजोबा पूर्ण झाले.

नैवेद्याच्या दिवशी पूर्वजांना मुटके फोडून वाहिले, मद्य शिंपडले. नंतर सगळे आगटीभोवती बसले आणि सुएनोने काठी उचलली. कानाएच्या हातातले भांडे तसेच राहिले. धुके आले, बहीण गेली. एक नदी झाली, दुसरी झाली, सहावी झाली. तरुणाने दाराची चटई वर केली. सत्त्याहत्तर वर्षे तसाच उचललेला राहिलेला तो हात अखेर आत गेला. बहीण भेटली, भात वाढला गेला, दोघे आगटीजवळ झोपले. सुएनोने काठी खाली ठेवली.

मुले उठायला लागली.

"बसा," ती म्हणाली. "हा शेवट नव्हे. दादांची चिलीम भरून होऊ द्या."

मात्सुजीने अत्यंत गंभीर चेहऱ्याने रिकाम्या चिलमीत नसलेली तंबाखू दाबून भरली. भरून झाल्यावर मान हलवली. सुएनोने पुन्हा ताल धरला. घरात पहाट झाली, विस्तव जागा झाला, आणि पूर्वेच्या खिडकीतून त्या तरुणाला कुणीतरी नावाने हाक मारली. तो उठला. खिडकीकडे वळला.

काठी थांबली.

"उरलेली गोष्ट पुढच्या खेपेला."

"हे काय, आजी," एक मुलगी कुरकुरली, "कोण होतं खिडकीत?"

"तुझ्यासाठी नव्हतीच ती, बाळ. पाहुण्यासाठी राखून ठेवलीय. तुम्ही मध्ये बसलात म्हणून इतकी तरी ऐकायला मिळाली." आणि तिने सभाघराच्या पूर्वेच्या खिडकीकडे पाहिले. तिथली चटई तिने सकाळीच वर गुंडाळून ठेवली होती.

वसंत गेला, एल्मच्या सालीत रस चढला. या वर्षी साल कानाएने सोलली आणि सुएनो खाली बसून सांगत राहिली. झाडाच्या कमरेला पट्टी बांधून झाल्यावर तिने नातीला जवळ बोलावले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन उरलेली गोष्ट सांगितली, शेवटच्या शब्दापर्यंत. ती इथे सांगणार नाही. ज्याची आहे तो येईल आणि ऐकेल.

आगटीतल्या आजी, आता हे आमचे शब्द ने. सुएनोच्या थकल्या हृदयाला तुझी ऊब दे. मात्सुजीच्या रिकाम्या चिलमीतून आठवणींचा धूर निघत राहो. कानाएच्या वहीतला शब्द तिच्या जिभेवर उतरो आणि तिच्या लेकरांच्या जिभेवर नांदो. घरामागच्या सातही झाडांची कंबर बांधलेली राहो, पुलाच्या अलीकडच्या त्या घरात राळ्याचे भांडे कधी पालथे न पडो, राखेखाली विस्तव सदा जागा राहो. आणि ज्या दिवशी डोंगरावरून पाहुणा उतरेल, त्या दिवशी त्या घराची खिडकी उघडी असो, घरात कुणी ना कुणी जागे असो, आणि त्याची गोष्ट त्याला मिळो.